खूण आणि खाण : रायचूर-शोरापूर दुआबातील सुवर्णशोधाचा इतिहास



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल प्रथम संस्थेचे मनःपूर्वक आभार मानतो. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी सीमाभागातील मुलांना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांवर प्रेम करायला शिकविले. म्हणून दोन्ही भाषांच्या प्रदेशाला सारखाच लागू पडेल असा विषय मी आजसाठी निवडला आहे. आपल्या दक्षिणेस, कृष्णेच्या दोन्ही तीरांवर जो सोन्याचा शोध शतकानुशतके चालला, त्याचा हा इतिहास आहे.

बीदरमध्ये उभे राहून सोन्याविषयी बोलणे कोणास विचित्र वाटेल. बीदर म्हटले की बिदरीची कलाकुसर आठवते; तिच्यात जस्त-तांब्याच्या काळ्या अंगावर चांदी खुलते, सोने नव्हे. परंतु निजामाच्या काळी विसाव्या शतकाच्या आरंभी जी गुलबर्गा सुभेदारी होती, तीत गुलबर्गा, बीदर, उस्मानाबाद आणि रायचूर हे चार जिल्हे एकत्र नांदत होते. अर्थात आपल्या आजोबा-पणजोबांच्या सुभ्यात एक सोन्याची खाण होती. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदरचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही तिकडे गेले. उरलेला बीदर, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्यात आले. सीमा आखली गेली तेव्हा इतिहासाचीही वाटणी झाली. मराठीत लिहिणारांनी पैठण आणि देवगिरी आपली मानली. हट्टी आणि मस्की ही नावे मराठी वाचकांच्या कानांवर फारशी पडेनाशी झाली. ती आज आपल्यापुढे ठेवावीत, असा माझा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या भूमीत सोन्याचा प्रत्येक शोध कोणा तरी पूर्वसूरीने मागे ठेवलेल्या खुणेपासून सुरू झाला. मात्र खूण म्हणजे खाण नव्हे. या दोहोंमधले अंतर ज्यांनी धीराने, पुराव्याने पार केले त्यांच्या हाती काही तरी टिकाऊ लागले. ज्यांनी ते अंतर कागदावरच पुसून टाकले, त्यांच्यामुळे लोक आणि राज्ये बुडाली.

दगडांची ओळख

बीदरहून दक्षिणेकडे निघालेल्या माणसाने वाटेतल्या दगडांकडे लक्ष दिले, तर त्याला पृथ्वीच्या इतिहासाची पाने उलटी वाचता येतात. बीदरचा किल्ला तांबड्या जांभ्यावर उभा आहे. जांभ्याखाली काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. कलबुर्गीच्या पुढे भीमेच्या आसपास हा काळा थर विरळ होतो आणि त्याखालचा चुनखडक उघडा पडतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत आपण जिला शहाबादी फरशी म्हणतो, ती ह्याच खडकाची आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावाचे नाव मिरविणारी. आणखी दक्षिणेस शोरापूरकडे गेले की गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे गोटे आणि टेकड्या दिसू लागतात. त्या ग्रॅनाइटच्या अधूनमधून, अरुंद पट्ट्यांच्या रूपाने, हिरवट काळसर खडक आढळतो. भूवैज्ञानिक ज्याला ग्रीनस्टोन म्हणतात तो हाच हरित खडक.

हा खडकही मुळात लाव्हाच. पण दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुना. त्याचे वय सुमारे अडीचशे ते दोनशे सत्तर कोटी वर्षे धरले जाते. त्यातला बराचसा लाव्हा पाण्याखाली ओतला गेला. उशांच्या ढिगासारख्या त्याच्या गोलसर आकारांवरून ते ओळखता येते. पुढे भूगर्भातील दाब आणि उष्णता यांमुळे त्यातील खनिजे बदलली आणि त्याला हिरवी छटा आली. खडकाला जेथे ताण बसून भेगा आणि चिरडलेले पट्टे पडले, तेथून उष्ण द्राव वर चढले. त्या द्रावांनी आपल्याबरोबर सिलिका, गंधक, आर्सेनिक आणि अत्यल्प सोने आणले. द्राव निवळताना गारगोटीच्या शिरा तयार झाल्या, आणि त्या शिरांत व त्यांच्या कडेच्या खडकात सोने अडकून राहिले. लिंगसुगूर तालुक्यातील हट्टी-मस्कीचा पट्टा आणि शोरापूर तालुक्यातील मंगळूरचा पट्टा हे या जातीचे आहेत. शोरापूर तालुका पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होता, आज तो यादगीर जिल्ह्यात आहे.

मग हा जुना खडक आपल्या पायांखालीही असेल काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे जी खोल विंधणविहीर घेतली गेली, तिने या प्रश्नाचे थोडेसे उत्तर दिले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर, गाळाचा एक पातळ थर मागे टाकून, वेधनयंत्र प्राचीन पायाभूत खडकात शिरले. म्हणजे मराठवाडा आणि कर्नाटक यांचा पाया एकाच जातीच्या प्राचीन खडकाचा आहे. मात्र एवढ्यावरून येथे सोने असल्याचे म्हणता येत नाही. पायाभूत खडक ही केवळ शक्यता आहे. ती खूणसुद्धा नव्हे.

निनावी खाणकरी

आता खुणांकडे वळू. रायचूर दुआबात एकोणिसाव्या शतकातील शोधकांना सोने प्रथम दिसले ते दगडात नव्हे, तर माणसाच्या कामात. जमिनीत लांबट खड्ड्यांच्या ओळी होत्या, त्यांच्या काठाला फोडलेल्या गारगोटीचे ढीग होते, आणि जवळच्या कठीण खडकांवर पेल्याच्या आकाराचे शेकडो खळगे होते. या खळग्यांत दगड कुटला जात असे. कुटून भुकटी करायची, ती पाण्यात घोळायची, हलकी माती वाहून जाऊ द्यायची आणि तळाशी उरलेले जड कण वेचायचे, अशी ही पद्धत होती. सोनारपेठेतील माती धुऊन कण काढणारा झारेकरी मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. धारवाडकडे ओढ्यांची वाळू धुणाऱ्यांना जालगार म्हणत. या खाणकऱ्यांचे काम त्याच जातीचे, परंतु खडक फोडून केलेले होते.

खडक फोडण्यासाठी सुरुंगाची दारू नव्हती. दगडाच्या तोंडाशी लाकडे रचून जाळ करायचा, खडक तापला की त्याला तडे जातात, पाणी मारले की ते अधिक रुंदावतात; मग छिन्नी-हातोड्याने तो सुटा करायचा. या रीतीने हट्टीच्या खाणकऱ्यांनी ६४० फूट, म्हणजे जवळजवळ १९५ मीटर खोली गाठली होती. प्राचीन जगातील अत्यंत खोल सुवर्णखाणींत तिची गणना होते. खोलवर सापडलेल्या जुन्या लाकडाची कार्बन-पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा त्याचे वय सुमारे दोन हजार वर्षे निघाले. तो काळ सातवाहनांचा होय. पैठणला ज्यांची राजधानी होती, नाणेघाटात ज्यांचे लेख आहेत, त्यांच्याच काळात येथे कोणी माणसे धुराने कोंदलेल्या त्या भुयारांत उतरत होती. ती कोण होती, स्वेच्छेने उतरत होती की सक्तीने, हे सांगणारा एकही लेख त्यांनी ठेवलेला नाही. त्यांचा इतिहास त्यांच्या खळग्यांतच आहे.

या प्रदेशाला सोन्याची ओळख त्याहूनही जुनी होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६३-६४ साली बल्लारी जिल्ह्यातील टेक्कलकोट येथे उत्खनन केले, तेव्हा नवाश्मयुगीन थरांत सोन्याचे दागिने सापडले. ते सोने ओढ्याच्या वाळूतले की खडकातले, हे दागिने सांगत नाहीत. मोहेंजोदडोच्या सोन्यात चांदीचे प्रमाण अधिक दिसले, म्हणून ते दक्षिणेतून गेले असावे असा तर्क एका नामवंत भूवैज्ञानिकाने केला होता. तर्क आकर्षक आहे; परंतु त्याला सिद्धान्ताचे रूप देण्याइतका पुरावा नाही. खूण आणि खाण यांतील अंतर इतिहासाच्या अभ्यासालाही लागू पडते, ते असे.

फूट यांची पायपीट

या खुणा शास्त्रीय रीतीने वाचणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या प्रागितिहासाचा आरंभ झाला, हे आपण शालेय पुस्तकात वाचतो. परंतु ते नोकरीने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी होते. १८७६ साली त्यांचा जो विस्तृत ग्रंथ निघाला, त्याचा विषय दक्षिण महाराष्ट्र प्रदेश आणि लगतचे जिल्हे यांची भूरचना हाच होता. त्या काळी धारवाड-बेळगाव-विजापूर हा भाग याच नावाने ओळखला जाई.

फूट यांनी आधी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. ग्रॅनाइटी खडकात मिसळून गेल्यासारखे दिसणारे हिरवे पट्टे ही एक स्वतंत्र खडकमाला आहे, तिला त्यांनी धारवाड हे नाव दिले, आणि दक्षिण भारतातील सोने मुख्यतः या खडकमालेत सापडते, हे १८८० च्या दशकातील लेखांतून मांडले. यामुळे शोधाला दिशा मिळाली. रानोमाळ सर्वत्र न भटकता कोणते पट्टे तपासावेत आणि कोणते सोडावेत, हे ठरविता येऊ लागले. फूट हे भूवैज्ञानिक आणि पुराविद दोन्ही होते, हा मला योगायोग वाटत नाही. मस्कीसारख्या ठिकाणी त्यांना खडक आणि खापरे ही दोन्ही एकाच फेरीत दिसली. जुनी वस्ती, जुना खड्डा आणि हिरवा खडक ही तीन चिन्हे एकत्र वाचण्याची सवय या प्रदेशाच्या अभ्यासाला तेव्हापासून लागली.

त्यांच्याही आधी कर्नल मेडोज टेलर यांनी शोरापूर संस्थानात राहून महाश्मयुगीन दफनांची टिपणे केली होती. जेवर्गीजवळच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील, दफनांवरील त्यांचे लेख १८५० च्या दशकात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. ही माहिती येथे सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्या भागाकडे अभ्यासाची नजर वळली ती सोन्याच्या कितीतरी आधी.

कागदावरचे सोने

फूट खडक वाचत होते त्याच दशकात लंडनमध्ये दुसऱ्या प्रकारचा शोध चालला होता. १८८६ साली निजाम सरकारने आपल्या मुलखातील खनिजांच्या शोधाचा आणि खाणकामाचा मक्ता इंग्रज सवलतदारांना दिला. त्यावर हैदराबाद (दख्खन) कंपनी उभारली गेली. तिचे भांडवल कागदोपत्री दहा लाख पौंडांचे होते. परंतु त्यातले बहुतेक भाग मक्ता मिळविणाऱ्यांनी स्वतःलाच, पूर्ण पैसे भरल्याचे दाखवून, वाटून घेतले. खाणीच्या कामासाठी प्रत्यक्ष रोकड अगदी थोडी उरली. वर हैदराबाद राज्यासाठीही या कंपनीचे भाग चढ्या दराने विकत घेण्यात आले. हा व्यवहार करणारे दरबारचे अधिकारी सरदार अब्दुल हक यांचे त्यात स्वतःचे हितसंबंध असल्याचे उघडकीस आले. १८८८ साली ब्रिटिश लोकसभेच्या निवड समितीने या प्रकरणाची चौकशी केली आणि अब्दुल हक यांना पदावरून जावे लागले.

या प्रकरणाची चर्चा बहुधा दरबारी कारस्थान म्हणून होते. माझ्या दृष्टीने ते शोधाच्या इतिहासातले प्रकरण आहे. जुने खड्डे, हिरवे खडक आणि गारगोटीच्या शिरा ही सारी चिन्हे खरीच होती. खोटेपणा चिन्हांत नव्हता. चिन्ह आणि साठा यांमधली सारी पायरी गाळून थेट किंमत ठरविली गेली, त्यात होता. एकही शाफ्ट खणण्यापूर्वी सोन्याची विक्री झाली होती.

याच कंपनीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. तिच्याकडे सिंगारेणीच्या कोळशाचाही मक्ता होता. तो कोळसा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८७१-७२ च्या सुमारास येल्लंदूजवळ आधीच शोधून ठेवला होता. थर ठाऊक होता, जाडी मोजलेली होती. तो उद्योग टिकला, वाढला आणि १९२० पासून सिंगारेणी कॉलियरीज या नावाने ओळखला जाऊ लागला. एकाच कंपनीच्या एका हातात मोजलेला साठा होता आणि दुसऱ्या हातात केवळ आशा होती. दोहोंचा भाव मात्र लंडनच्या बाजारात एकत्रच केला गेला.

सोन्याच्या वाटेवर अशोक

सोन्याचा प्रत्यक्ष शोध मात्र थांबला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वंदली येथे काम झाले. १९०३ च्या सुमारास हट्टी येथे आधुनिक खाण चालू झाली. या हालचालींमुळे खाण अभियंते या दुआबात टेकडी-टेकडीने फिरू लागले. त्यांच्यापैकी एक होते सी. बीडन. जानेवारी १९१५ मध्ये मस्कीच्या टेकडीवरील एका मोठ्या खडकावर त्यांना ब्राह्मी अक्षरे दिसली. नुकत्याच स्थापन झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने आपल्या ग्रंथमालेचा पहिला अंक या लेखाला वाहिला, संपादन एच. कृष्णशास्त्री यांनी केले.

या लेखाचे महत्त्व काय? १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा शिलालेखांचा कर्ता स्वतःस देवांचा प्रिय, प्रियदर्शी राजा म्हणवितो असे दिसले. श्रीलंकेतील बौद्ध ग्रंथांच्या आधारे हा राजा म्हणजे अशोक, असे अनुमान लगेच निघाले आणि अभ्यासकांनी ते मान्यही केले. परंतु दगडावर त्याचे नाव कोठेच नव्हते. ते मस्कीने दिले. ‘देवानंपिय’ या उपाधीबरोबर ‘अशोक’ हे नाव कोरलेला हा पहिला लेख. सत्त्याहत्तर वर्षांच्या अनुमानाला पुरावा मिळाला, आणि तो सोने शोधणाऱ्याच्या हातून मिळाला.

पुढे कर्नूल जिल्ह्यातील येर्रगुडीचे अशोकलेखही १९२९ च्या सुमारास एका भूवैज्ञानिकाच्याच नजरेस पडले. आणि तेथून जवळच जोन्नगिरी येथे प्राचीन सोन्याच्या खाणींच्या खुणा आहेत. म्हैसूरकडील ब्रह्मगिरी-सिद्धापूरच्या लेखांत सुवर्णगिरी या मौर्य ठाण्याचा उल्लेख येतो. हे सुवर्णगिरी म्हणजे मस्की, कनकगिरी की जोन्नगिरी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मौर्यांचे एक ठाणे सोन्याचे नाव धारण करीत होते आणि त्यांचे लेख सोन्याच्या पट्ट्यांलगत आढळतात, इतके निश्चित. मौर्य येथे सोन्यासाठीच आले, असे म्हणायला हे पुरेसे नाही. मात्र विचार करायला लावण्यास नक्कीच पुरेसे आहे.

अशोकाचा मागोवा पुढे आपल्या अधिक जवळ आला. कलबुर्गी जिल्ह्यात भीमातीरी सन्नतीची चंद्रलांबा ही अनेक मराठी आणि कन्नड कुटुंबांची कुलस्वामिनी. १९८६ साली त्या देवस्थानाच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले, तेव्हा मूर्तीच्या बैठकीचा दगड म्हणजे अशोकाचा शिलालेख असल्याचे आढळले. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपात तर राजा अशोक असा प्राकृत लेख असलेले शिल्पच मिळाले. आपल्या पूर्वजांनी ज्या देवीला शतकानुशतके नमस्कार केला, तिच्या पायांखाली सम्राटाची अक्षरे होती. मस्कीत सोन्याच्या शोधाने जे दिले, ते सन्नतीत एका पडझडीने दिले. दोन्ही वेळा अक्षरे ओळखणारा आणि दगड न फोडता कळविणारा माणूस तेथे होता, हे आपले भाग्य.

खाण बंद, खाण सुरू

हट्टीची खाण १९२० मध्ये बंद पडली. महायुद्धानंतर खर्च वाढले होते आणि सोन्याचा भाव बांधलेला होता. हैदराबादच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कॅप्टन लिओनार्ड मन यांनी मधल्या काळात एक वेगळेच काम केले. त्यांनी रायचूर आणि शोरापूर भागांतील जुन्या खाणी, कुटण्याचे खळगे, महाश्मयुगीन दफने आणि वस्त्या यांच्या नोंदी एकत्र करून त्यांचा परस्परसंबंध शोधला. १९३० च्या दशकातील त्यांचे लेख आजही प्राचीन खाणकामाच्या अभ्यासकांना टाळता येत नाहीत. खाण बंद असताना खाणीचा इतिहास लिहिला गेला.

१९३४ साली अमेरिकेने सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला आणि जगभरच्या बंद खाणींकडे पुन्हा लक्ष गेले. निजाम सरकारने १९३७ पासून हट्टीची फेरतपासणी हाती घेतली. १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली आणि राज्यपुनर्रचनेनंतर ती हट्टी गोल्ड माइन्स झाली. ज्या शिरांचा माग निनावी खाणकऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी काढला, त्यांच्याच मागे आजची खाण सुमारे हजार मीटर खोल गेली आहे. कोलारच्या जगप्रसिद्ध खाणी २००१ साली बंद झाल्यावर हट्टीचे महत्त्व आणखी वाढले.

येथे विद्यार्थ्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. अशा खाणीत एक टन खडक फोडून, दळून, रसायनांत मुरवून जे सोने निघते ते काही ग्रॅमच. अर्धा तोळा भरला तरी कस चांगला समजतात. म्हणूनच अमुक टेकडीत सोने आहे हे वाक्य निरर्थक आहे. किती आहे, किती खोलवर, किती रुंदीच्या शिरेत, आणि ते काढण्याचा खर्च किती, हेच खरे प्रश्न होत.

आजचा शोध आणि आपण

आजची पद्धत याच प्रश्नांची पायरीपायरीने उत्तरे शोधते. प्रथम नकाशा करतात आणि जुने खड्डे नोंदवितात. मग ओढ्यांची वाळू आणि शेतांची माती ठरावीक अंतराने तपासतात. खडकाच्या चुंबकीय व विद्युत गुणांची मोजणी होते. चर खणून शीर उघडी करतात. आणि शेवटी वेधनयंत्राने खडकाचा गाभा बाहेर काढून त्याचा कस पाहतात. प्राथमिक पाहणी, सर्वसाधारण शोध, तपशीलवार शोध अशा या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक जागा गळतात. यात अपयश नाही. ही चाळणीच आहे. शेकडो खुणांतून एखादी खाण निघते.

१९५७ च्या खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन खाणपट्टे लिलावाने देण्याची रीत आली. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या व महत्त्वाच्या खनिजांसाठी शोध परवाना हा नवा प्रकार निर्माण केला; त्या यादीत सोन्याचाही समावेश आहे. याचा अर्थ असा की, येत्या काळात आपल्या दक्षिणेकडील हिरव्या पट्ट्यांत वेधनयंत्रे अधिक दिसतील आणि सोने सापडल्याच्या बातम्याही अधिक येतील.

त्या वेळी १८८६ ची आठवण ठेवावी, ही माझी पहिली विनंती. बातमीत सांगितलेले सोने कोणत्या पायरीवरचे आहे, हे विचारायला शिका. मातीच्या नमुन्यातले की गाभ्यातले? एका वेधनातले की शंभर वेधनांतले? ज्याच्या शेतातून हा शोध जायचा आहे त्या शेतकऱ्याने आणि ज्याची बचत भागबाजारात जायची आहे त्या नोकरदाराने, दोघांनीही हाच प्रश्न विचारला पाहिजे. प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले तर शोध प्रामाणिक आहे असे समजावे.

दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे. जुने खड्डे, कुटण्याचे खळगे, राखेचे ढिगारे यांचे रक्षण आज कोणी नीटसे करीत नाही. शोरापूर दुआबात डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी अनेक दशके काम केले. बुदिहाळच्या राखेच्या ढिगाऱ्याचे उत्खनन करून त्यांनी नवाश्मयुगीन गुराख्यांचे जीवन उलगडले, आणि इसामपूर येथे दगडी हत्यारे घडविण्याची जी जागा शोधली तिचे वय सुमारे बारा लाख वर्षे निघाले. असे ढिगारे खतासाठी उचलले जातात, असे खडक खडीसाठी फोडले जातात. राखेचा ढीग शेतात पसरला की त्याबरोबर चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती नाहीशी होते. नवा शोध सुरू होण्यापूर्वी जुन्या खुणांची नोंद व्हावी, छायाचित्रे घेतली जावीत, गावातील वृद्धांनी सांगितलेली नावे टिपून ठेवावीत. यासाठी मोठी संस्था लागत नाही. सुटीत गावी जाणारा विद्यार्थी, मोजपट्टी, वही आणि पुरातत्त्व खात्याला लिहिलेले एक पत्र एवढे पुरेसे आहे. बीडन यांनीही मस्कीला याहून फार वेगळे काही केले नव्हते. त्यांनी पाहिले, ओळखले आणि कळविले.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज पुण्या-मुंबईला, हैदराबादला, बंगळूरूला स्थायिक झाले आहेत. आपल्या भागात काय आहे, असे त्यांना तेथे विचारले जाते आणि बहुधा दुष्काळाचे नाव निघते. ते खोटे नाही. परंतु त्याबरोबर हेही सांगता यावे की, आमच्या दक्षिणेच्या खडकांत जगातल्या अतिप्राचीन लाव्हांपैकी एक आहे. तेथे दोन हजार वर्षांपूर्वी माणसे दोनशे मीटर खोल उतरली. आणि त्यांच्या खाणीच्या शोधात निघालेल्या एकाला अशोकाचे नाव सापडले. हे वैभव कोणत्याही एका भाषेचे नाही. सातवाहनांचे प्राकृत, बहामनींची फारसी, आपली मराठी आणि कन्नड अशा अनेक भाषा बोलणाऱ्या माणसांनी ते मागे ठेवले आहे.

ज्या गुरुजनांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, त्यांनी वर्गात पुराव्यावाचून एकही विधान मान्य केले नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तो संस्कार आपण पुढे चालवू या.